पंगत उठेपर्यंत

अदितीचं लग्न ठरलं त्याच दिवशी तिच्या आईनं, यमुताईंनी, सांगून टाकलं होतं की बुफे नाही. ताट हातात धरून माणूस रांगेत लागला की तो पाहुणा राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. पंगत बसेल. पाट मांडले जातील, ओळी धरल्या जातील, वाढणारा वाकून वाढेल. आणि शेवटच्या माणसाचा शेवटचा घास पोटात जाईपर्यंत कोणी उठणार नाही. मधूनच जो उठला त्यानं नवरानवरीला पाठ दाखवली, असं त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मानत आले होते. मुलाकडच्यांनी आधी कुरकुर केली, मग पुरणपोळीचं नाव ऐकून ते गप्प बसले.

यमुताईंचा धाकटा भाऊ मनोहरराव देशाचा परराष्ट्रमंत्री. पण नागपूरच्या नंदनवनातल्या त्या मंगल कार्यालयात पाय टाकल्याबरोबर त्याचं मंत्रिपद दाराबाहेर चपलांपाशी राहिलं. आत तो नवरीचा मामा होता. मामानं नवरीला बोहल्यावर आणायचं, मामानं पंगतीत आग्रह करायचा, आणि कळमन्याच्या बाजारातून आलेली वांगी मोजून घ्यायला कोणी नसेल तर तीही मामानंच मोजायची. सकाळी आठ वाजता मनोहरराव धोतर नेसून, कमरेला पंचा खोचून वांगी मोजत होते. त्यांचे बॉडीगार्ड दोन्हीकडे उभे होते आणि एकजण मनातल्या मनात मोजून त्यांची चूक दुरुस्त करत होता.

तेवढ्यात कामठीहून शेअर ऑटोनं गोपिका आली.

गोपिका कामठीला यंत्रमागावर काम करते. पण या घरातलं कोणतंही लग्न तिच्याशिवाय लागत नाही, कारण विहिणींच्या पंगतीला गाणं म्हणायला तिच्यासारखा गळा नाही. तिच्या आईनं यमुताईंच्या लग्नात गाणी म्हटली होती. त्या पंगतीत लाडू वाढणारा मुलगा म्हणजे हेच मनोहरराव. म्हणून ती त्यांना दादा म्हणते, आणि टीव्हीवर दिसले तरी दादाच म्हणते.

आज तिचा चेहरा विझलेल्या दिव्यासारखा होता. तिची लेक दिपाली नर्स होती, समुद्रापलीकडच्या झुरान नावाच्या देशात. तिथे बारा दिवसांपूर्वी राष्ट्राध्यक्षाच्या आणि त्याच्याच जुन्या सेनापतीच्या फौजांमध्ये लढाई पेटली. दिपाली आणि तिच्यासारखी आणखी चाळीस भारतीय माणसं कसार शहरातल्या दवाखान्याच्या तळघरात बसली होती. बंदरात जहाज उभं होतं. बंदर बसनं सहा तासांवर. पण अर्धा रस्ता एकाच्या ताब्यात, अर्धा दुसऱ्याच्या. तळघरातलं पाणी जेमतेम उद्यापर्यंत पुरणार होतं.

गोपिकानं मनोहररावांना कोठीघरात गाठलं. कोथिंबिरीच्या जुड्यांच्या ढिगाआड ती उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, टीव्हीवर तुमी म्हणलं का दोन्ही बाजूंनी संयम पाळावा. मंग पाळून राहिले काय ते?"

सबंध संसदेला उत्तरं देणाऱ्या माणसानं कमरेचा पंचा काढून हात पुसले.

"नाही पाळून राहिले, गोपिका."

मग त्यांनी तिला सगळं सांगितलं, जसं घरच्या माणसाला सांगतात तसं. दोघेही सहा तास तोफा बंद ठेवायला तयार आहेत. पण राष्ट्राध्यक्ष म्हणतो, आधी सेनापतीनं मागावं. सेनापती म्हणतो, आधी राष्ट्राध्यक्षानं. जो आधी मागेल तो नमला असं होईल. दोघांचे वकील म्हणून एकेक मोठा माणूस नागपुरात येऊन बसला आहे, कारण भाचीचं लग्न सोडून मंत्र्याला दिल्लीत थांबता येत नव्हतं आणि वेळ थांबायला तयार नव्हती. एक स्टेशनजवळच्या हॉटेलात, दुसरा वर्धा रोडवरच्या. एकाला चार वाजता भेटायचं, दुसऱ्याला सहाला. एकमेकांचं तोंड बघायला दोघे तयार नाहीत.

गोपिकानं जुडीतलं एक पिवळं पान खुडलं.

"म्हंजे व्याही रुसले."

"तसंच समज."

"मंग येगयेगळ्या खोलीत कायले ठेवले? रुसलेल्याले येगळी खोली देली का रुसवा आठ दिवस मुक्कामाले राहते."

मनोहरराव हसले. त्यांनी तिला सांगितलं की गेले बारा दिवस दोघांना एका खोलीत आणायची खटपट चालली आहे; पण खोलीत आधी कोण शिरणार इथेच सगळं अडतं. गोपिकानं मान हलवली. रुसलेल्या विहिणीचं दार उघडून घेण्यात तिची उमर गेली होती, पण तिथे बंदुका नव्हत्या.

आता या गोष्टीत रविंद्रराव आले. रविंद्रराव म्हणजे यमुताईंचे यजमान, नवरीचे वडील, बँकेतून निवृत्त झालेले अत्यंत सज्जन गृहस्थ. मनोहररावांचा सचिव सुशील फोनवर बोलताना त्यांच्या कानावर एवढंच पडलं की साहेबांना भेटायला आलेले दोन परदेशी पाहुणे हॉटेलांत उतरलेत. रविंद्ररावांना ते लागलं. आपल्या मुलीचं लग्न, मेव्हण्याकडे आलेली माणसं, आणि ती हॉटेलात टोस्ट खाणार? त्यांनी कुणाला विचारलं नाही. चांगलं काम विचारून कशाला करायचं? पत्रिका आणि अक्षता घेऊन ते स्वतः स्टेशनजवळच्या हॉटेलात गेले, आणि पुतण्याला, रोहितला, वर्धा रोडवर पाठवलं.

दोन्ही पाहुण्यांना वाटलं, हा मंत्र्यांचाच इशारा. उघड बोलावता येत नाही म्हणून लग्नाच्या निमित्तानं बोलावलं. आपल्याला एकट्यालाच बोलावलं याचा दोघांना आतून आनंद झाला आणि दोघेही लगेच निघाले.

कार्यालयाच्या दारात अत्तर लावून झालं, गुलाबपाणी झालं. रोहितनं दोघांना भगवे फेटे बांधले. त्याचा फेटा नेहमी जरा सैल पडतो आणि भुवयांवर उतरतो. त्या फेट्याखाली कोण आहे हे ओळखणं सख्ख्या बायकोलाही कठीण. मंगलाष्टकं झाली, टाळ्या पडल्या, पंगती मांडल्या गेल्या. रविंद्ररावांनी दोघांना हाताला धरून नेलं आणि शेजारशेजारच्या पाटांवर बसवलं. एका गावचे दोघे, बोलायला सोबत होईल, हा त्यांचा साधा हिशेब.

पानात मीठ, लिंबू, चटणी आली. भातावर डाळीचे वडे कुस्करलेला वडाभात आला. त्यावर तुपाची धार पडली. राष्ट्राध्यक्षाकडून आलेले हामेदसाहेब, चांगले भरलेले गृहस्थ, मांडी घालता घालता घामाघूम झाले आणि त्यांनी फेटा वर सरकवला. शेजारी सेनापतीचे इद्रिससाहेब बसले होते, उंच आणि काटक. त्यांनीही त्याच वेळी फेटा वर सरकवला.

दोघांनी वीस वर्षं एकाच कचेरीत समोरासमोरच्या टेबलांवर काम केलं होतं.

सुशीलनं लांबून हे पाहिलं आणि त्याच्या हातातली पापडांची परात कलली. दोन्ही पाहुणे एकदम उठायला लागले. हामेदसाहेब एका गुडघ्यापर्यंत आले होते, तोवर मनोहरराव मठ्ठ्याची झारी घेऊन समोर येऊन उभे राहिले. त्यांनी इंग्रजीत, अगदी हळू आवाजात सांगितलं की मंत्री म्हणून माझं काहीच म्हणणं नाही. चार आणि सहा वाजताच्या भेटी आहेतच. पण नवरीचा मामा म्हणून हात जोडतो. आमच्याकडे पंगत सुटायच्या आधी कोणी उठलं तर ते नव्या जोडप्याला अशुभ मानतात. ही सगळी माणसं तुमच्याकडे बघत आहेत.

खरंच बघत होती. दोनशे माणसांचे हात पानांवर थांबले होते.

इद्रिससाहेब म्हणाले, "हे उठले तर मी उठेन."

हामेदसाहेब म्हणाले, "मी आधी उठणार नाही. यांना उठू द्या."

आणि ज्या हट्टानं कसारचा रस्ता बारा दिवस बंद ठेवला होता, त्याच हट्टानं दोघे खाली बसले. मनोहररावांनी दोघांच्या वाटीत मठ्ठा ओतला. ओतताना त्यांना कोठीघरातलं गोपिकाचं बोलणं आठवलं, आणि त्यांनी वाढप्यांना खूण केली. घाई नको. सावकाश वाढा.

समोरच्या ओळीत, अगदी टोकाला, यमुताईंनी गोपिकाला बळेच बसवलं होतं. दोन दिवस तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. गाणारीनं उपाशीपोटी गाऊ नये, असं म्हणून यमुताईंनी स्वतः तिच्या पानात पुरणपोळी वाढली होती. समोर बसलेले दोघे कोण, हे गोपिकानं सुशीलच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. ती चिमणीसारखी जेवू लागली.

पहिला अर्धा तास हामेदसाहेब आणि इद्रिससाहेब दोन वेगळ्या देशांत बसल्यासारखे जेवले. मग जिलबी आली.

विदर्भातला आग्रह त्यांना ठाऊक नव्हता. नको म्हटलं की दोन पडतात, खरंच नको म्हटलं की चार. मनोहरराव स्वतः जिलबीची परात घेऊन फिरत होते. इद्रिससाहेबांनी नम्रपणे मान हलवली, तोवर तीन जिलब्या पानात उतरल्या. हामेदसाहेबांनी पानावर आडवा हात धरला, तर मनोहररावांनी बोटांच्या फटीतून एक सोडली. मग पुरणपोळी. मग पुन्हा वडाभात. मग रविंद्रराव आले आणि त्यांनी मुलीच्या बापाचा हक्क म्हणून दोघांना एकेक पोळी घातली. चौथ्या फेरीला मनोहरराव परत येताना दिसले, तेव्हा इद्रिससाहेबांनी आपला डावा हात चटकन हामेदसाहेबांच्या पानावर धरला. हामेदसाहेबांनी आपला त्यांच्या पानावर. दोन्ही बाजूंनी मिळून घेतलेला बारा दिवसांतला तो पहिला निर्णय होता.

मनोहरराव थांबले. हामेदसाहेबांना आधी हसू आलं. ते पोटातून आलं आणि पोट इतकं भरलं होतं की त्यांना धाप लागली. इद्रिससाहेबांनी आपला पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. मग आपल्या भाषेत काहीतरी म्हणाले. मग हामेदसाहेब काहीतरी म्हणाले. मनोहरराव परात घेऊन तिथून अलगद सरकले, जशी आई पाळण्यातलं मूल झोपलेलं पाहून सरकते.

दोघे बोलत राहिले. आधी तुटक, मग सलग. मध्येच आवाज चढायचा, मध्येच उतरायचा. सबंध पंगत जेवून झाली. माणसांचे हात वाळले. मागची पंगत दारात येऊन उभी राहिली. मुलाचे आजोबा बापूजी कंबर चोळत बसले होते. त्यांनी मनोहररावांना ऐकू जाईल असं शेजाऱ्याला सांगितलं की आता पाटाले मुळं फुटतीन, माळी बोलवा गा कोणी.

पंगत सुटत नव्हती, कारण एका माणसाचं जेवण व्हायचं होतं. गोपिकाच्या पानात पुरणपोळीचा एक तुकडा शिल्लक होता. मनोहररावांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं तुकड्याचे दोन केले. मग दोनाचे चार केले. सगळ्या पंगतीच्या नजरा त्या चार तुकड्यांवर होत्या. पुरुषांसमोर तोंड वर करून न जेवणारी ती बाई, पण आज तिनं मान खाली घातली नाही.

मग यमुताई म्हणाल्या की गोपिका, विहिणींची पंगत बसली आहे आणि तू मुकी काहून? म्हण की.

तिनं उष्टा हात पानावर तसाच ठेवला आणि गळा उघडला. यमुताईंना माहीत असलेलं ते गाणं नव्हतं. ते तिथेच, त्या पाटावर जन्मलं.

*जेव जेव विहीणबाई, नको उठू घाईघाई,*
*माह्या लेकीच्या वाटेचा, घास अजून झाला नाई.*

*दोन डोंगर रुसले, मंधात वाट अडली,*
*कोनं पुसावं कोनाले, लेक माही खोळंबली.*

पंखे तेवढे फिरत राहिले. बापूजींनी कंबर चोळायची थांबवली. हामेदसाहेबांना शब्द कळले नाहीत, पण त्यांनी मनोहररावांना बोलावून विचारलं की ही बाई कोण, आणि ती जेवण का संपवत नाही.

मनोहररावांनी गाण्याचा अर्थ सांगितला, एकही शब्द जास्तीचा न घालता. मग म्हणाले, "कसारच्या तळघरात एकेचाळीस माणसं आहेत. त्यांतली एक तिची मुलगी. ती जेवते आहे तोवर आपण सगळे बसलेलो आहोत."

"आणि तिनं संध्याकाळपर्यंत संपवलं नाही तर?"

"तर रात्रीच्या स्वयंपाकाला वांगी आहेत. मी सकाळीच मोजलीत."

इद्रिससाहेबांनी दोन्ही डोळे मिटले. पोटाकडे पाहण्याचं धैर्य त्यांना नव्हतं. मग ते हामेदसाहेबांकडे वळून इंग्रजीतच म्हणाले, "सहा तास देता येतील. मला आधीही देता आले असते. पण मी तुमच्याकडे मागणार नाही."

"मीही मागणार नाही," हामेदसाहेब म्हणाले.

गाडी पुन्हा तिथेच येऊन थांबली. मनोहरराव दिल्लीत हे वाक्य बारा दिवस ऐकत होते. त्यांनी बहिणीला हाक मारली आणि तिला मराठीत अडचण सांगितली.

यमुताईंनी पदर खोचला, दोघांच्या पानांसमोर येऊन बसल्या आणि बोलल्या; मनोहरराव शेजारी बसून इंग्रजीत सांगत गेले.

"तुम्ही दोघांनी एकमेकांकडे कशाला मागायचं? तुम्ही पाहुणे, मी यजमानीण. लग्नात पाहुणा नवरीला आहेर करतो. आमच्या पत्रिकेवर आहेर नको असं छापलं आहे, त्यामुळे दोनशे माणसांकडून मी रुपयाचासुद्धा घेतला नाही. तुमच्याकडून घेईन. दोघांनी मिळून माझ्या अदितीला उद्या सकाळचे सहा तास द्या."

मागच्या ओळीतून कोणीतरी म्हणालं की मंग आमचे पाकिटं काहून वापस केले वं यमुताई, आणि सगळी पंगत हसली. हामेदसाहेबांनी अर्थ विचारला. सांगितल्यावर तेही हसले. मग ते हसू ओसरलं आणि दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. आहेर देणारा कुणापुढे नमत नाही, हे जगात कुठेही समजावून सांगावं लागत नाही.

सुशीलनं लग्नाच्या पत्रिकेच्या पाठीवर मसुदा लिहिला. दोन ओळींचा. "नागपूर येथील यजमान कुटुंबाच्या विनंतीला मान देऊन" अशी त्याची सुरुवात होती. कोणाचं नाव आधी, कोणाचं नंतर असा वाद निघू नये म्हणून त्यात कोणाचंच नाव नव्हतं. उजवे हात पुरणानं माखलेले. म्हणून दोघांनी डाव्या हातानं फोन धरले आणि आपापल्या धन्यांशी बोलले. हामेदसाहेबांचं बोलणं लवकर आटोपलं. इद्रिससाहेबांचा सेनापती बराच वेळ काहीतरी विचारत होता. ते पुन्हा पुन्हा एकच उत्तर देत होते. मागाहून त्यांनी सांगितलं, सेनापती विचारत होता की तू उठून का येत नाहीस, आणि मी सांगत होतो की एका बाईचं जेवण व्हायचं आहे.

शेवटी त्यांनी फोन खाली ठेवला आणि होकारार्थी मान हलवली.

मनोहररावांनी गोपिकाकडे पाहिलं. तिनं चारही तुकडे एकत्र केले, तुपाच्या वाटीत बुडवले आणि एका घासात खाल्ले. यमुताई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग दोनशे माणसं एकदम उठली आणि कार्यालयभर गुडघ्यांचा कडकड आवाज झाला. हामेदसाहेबांना मात्र उठता येईना. पायाला मुंग्या आल्या होत्या. इद्रिससाहेबांनी त्यांना काखेत हात घालून उभं केलं, आणि हात धुवायच्या नळापर्यंत तसंच धरून नेलं. चार आणि सहाच्या भेटी रद्द झाल्या. दोघेही कार्यालयातल्या वरपक्षाच्या खोलीत दोन गाद्यांवर आडवे झाले आणि पाठवणीच्या वेळी त्यांना उठवावं लागलं.

संध्याकाळी पत्रकारांनी मनोहररावांना विचारलं की इतक्या दिवसांनी असा कोणता मार्ग सापडला. ते म्हणाले, चर्चा सौहार्दपूर्ण वातावरणात झाली आणि बराच वेळ चालली. एवढंच छापून आलं. लढाई अर्थातच त्या सहा तासांनी संपली नाही. तिला आणखी पुष्कळ पंगती लागणार होत्या, आणि हामेदसाहेब व इद्रिससाहेब पुढच्या महिन्यात दिल्लीत एका टेबलाशी बसायचं कबूल करून गेले होते. जेवण हलकं ठेवावं, एवढी एकच अट दोघांनी मिळून घातली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी कामठीला मागांचा खडखडाट चालू असताना गोपिकाचा फोन थरथरला. तिनं माग बंद केला. शेजारणीनं तिचा केला. मग तिच्या शेजारणीनं. एकेक करत सगळा कारखाना गप्प झाला, आणि त्या शांततेत पलीकडून समुद्राचा आवाज आला. मग दिपालीचा.

ती जहाजावर होती. एकेचाळीसच्या एकेचाळीस. दिपाली एका दमात सांगत सुटली. बस निघाली तेव्हा पहाट होती. पहिल्या चौकीवर बंदूकवाल्यांनी बस थांबवली. त्यांचा प्रमुख आत चढला आणि विचारलं की नागपूरच्या लग्नाची माणसं ती तुम्हीच का. कोणालाच काही कळेना. दिपालीनं भीत भीत हो म्हटलं, तर त्यानं खजुरांचा एक पुडा तिच्या मांडीवर ठेवला. नवरीसाठी आहे, म्हणाला. तीन तासांनी दुसऱ्या बाजूची चौकी आली. तिथेही तेच. तिथल्यांनी पहिला पुडा पाहिला, आपसात कुजबुज केली आणि त्याहून मोठा आणून दिला.

"आई, कोणाचं लगन होतं वं? आन हे दोन दोन पुडे घेऊन मी काय करू? सामान जास्ती होऊन राहिलं. एक इथंच वाटून टाकू काय?"

गोपिकानं पदरानं डोळे पुसले, फोन दुसऱ्या कानाला लावला आणि म्हणाली,

"दोनी आण, बाई. एक ठेवून आली तं त्यातला कोनतरी पुन्हा रुसन."